मुलांची झोंप आणि शाळेची घंटा



वर्गांत डुलकी घेणाऱ्या मुलांस जागें करण्यांत ज्याचें आयुष्य गेलें, त्या शाळामास्तरानें झोंपेची तरफदारी करावी, हें आपणांस विपरीत वाटेल. परंतु ह्या विषयाकडे मी वळलों तो अशाच एका मुलामुळें. परभणी जिल्ह्यांतील आमच्या पिंगळी गांवचा एक विद्यार्थी पहिल्याच तासाला पेंगत असे. मीं त्यास कित्येकदां बांकावर उभें केलें. पुढें कळलें, कीं शेतीपंपाची वीज रात्रीं येई आणि पिकास पाणी देणाऱ्या बापापुढें हा मुलगा बॅटरी धरून उभा राही. मी आळसाला शिक्षा करीत आहें असें समजत होतों. वस्तुतः ती जागरणाला होत होती.

निद्रेचें मोल आपल्या वैद्यकानें पूर्वींच ओळखिलें आहे. आहार, निद्रा आणि ब्रह्मचर्य हे शरीराचे तीन उपस्तंभ होत, असें चरकसंहितेंत सांगितलें आहे. दिवसा झोंपणें एरव्हीं वर्ज्य. परंतु ग्रीष्मांत रात्री लहान, म्हणून त्या ऋतूंत तें ग्राह्य मानिलें आहे.

आधुनिक शास्त्रही हेंच सांगतें, कीं झोंपेंत शरीर स्वस्थ दिसलें तरी त्याचें काम चालूच असतें. गाढ झोंपेंत वाढीस कारण होणारें संप्रेरक विशेष स्रवतें, आणि दिवसा शिकलेलें मेंदूंत पक्कें होतें. मेंदूंत एक घड्याळही आहे. अंधार पडतांच त्याच्या इशाऱ्यानें मेलॅटोनिन नांवाचें द्रव्य रक्तांत वाढूं लागतें. प्रखर दिव्यांनीं आणि मोबाईलच्या उजेडानें तें दबतें. शरीरांतील अशा घड्याळाची रचना फळमाशांवरील प्रयोगांनीं उलगडून दाखविणाऱ्या हॉल, रॉसबॅश व यंग ह्या अमेरिकन शास्त्रज्ञांस २०१७ सालीं नोबेल पारितोषिक मिळालें.

सहा ते बारा वर्षांच्या मुलांस ९ ते १२ तास झोंप हवी, असें अमेरिकेंतील निद्रावैद्यांच्या संस्थेनें २०१६ सालीं ठरविलें. आतां आपल्या घरचा हिशेब मांडूं. शाळा सातला भरत असेल, तर मुलास साडेपांचला उठावें लागतें. म्हणजे किमान नऊ तासांसाठीं त्यानें साडेआठला निजलें पाहिजे. शहरांतील किती घरांत हें घडतें?

हीच अडचण तत्कालीन राज्यपाल रमेश बैस यांनीं डिसेंबर २०२३ मध्यें बोलून दाखविली, आणि फेब्रुवारी २०२४ मध्यें महाराष्ट्र शासनानें चौथीपर्यंतचे वर्ग सकाळीं ९ वाजतां वा त्यानंतर भरविण्याचा आदेश काढिला. दोन पाळ्यांच्या शाळा, मुलांच्या गाड्या, आईबापांच्या नोकरीच्या वेळा ह्या अडचणी लागलीच पुढें आल्या, आणि त्या खोट्या नव्हत्या. आमच्या मराठवाड्यांत तर उन्हाळ्यांत शाळा सकाळींच भरवावी लागते. उन्हापुढें आदेशाचें चालत नाहीं. अशा दिवसांत दुपारच्या घटकाभर झोंपेस चरकाचार्यांची संमति आहेच.

परंतु शाळा नऊला भरली म्हणून मूल अकराला निजूं लागलें, तर लाभ कोणता? घंटेची वेळ शासन बदलील. निजण्याची वेळ घरानेंच पाळिली पाहिजे. ती रोज एकच असावी. सायंकाळनंतर मुलास चहा देऊं नये. निजण्यापूर्वीं तासभर दिवे मंद करावे आणि मोबाईल दूर ठेवावा, तोही प्रथम वडील माणसांनीं. आपण पडद्यापुढें बसून मुलास डोळे मिटावयास सांगणें व्यर्थ आहे.

आणि एक विनंति. मूल अभ्यासांत मागें पडलें, चिडचिडें झालें, कीं त्यास बोल लावण्यापूर्वीं एवढेंच विचारावें, 'बाळ, काल रात्रीं केव्हां निजलास?' पिंगळीच्या त्या मुलास हा प्रश्न मीं वेळेवर विचारला नाहीं. आपण तरी तो विचाराल, ह्या आशेनें आपली रजा घेतों.