कवायतीची माफी

५ ऑक्टोबर २०२५ रोजी दिल्लीत समाप्त झालेल्या जागतिक पॅरा अ‍ॅथलेटिक्स स्पर्धेत भारताने मिळविलेल्या २२ पदकांचे कौतुक वाचकांनी एव्हाना पुरेसे वाचले आहे; मात्र त्याच सुमारास आपल्या बहुतेक शाळांतून कवायतीची घंटा होताच चाकाच्या खुर्चीतील मुलाला नित्याप्रमाणे माफी मिळत होती, आणि मैदानाच्या कडेला इतरांची दप्तरे व पाण्याच्या बाटल्या राखण्याचे काम त्याच्याकडे सोपविले जात होते, याची दखल कोणी घेतली नाही. ही माफी देणाऱ्यांच्या अंतःकरणात अनुकंपाच असते, हे निर्विवाद; परंतु त्या अनुकंपेपायी हरण्याचा, रडी खाण्याचा आणि पंचाशी हुज्जत घालण्याचा बाल्याचा हक्क त्या मुलाच्या हातून निसटतो.

अपंगांच्या क्रीडाप्रकारांचा उगम रुग्णालयात आहे. डॉ. लुडविग गुटमान यांनी २९ जुलै १९४८ रोजी, लंडन ऑलिंपिकच्या उद्घाटनाच्याच दिवशी, स्टोक मँडेव्हिल येथे १६ जखमी सैनिकांची धनुर्विद्येची स्पर्धा भरविली. आणि १९६५ च्या युद्धात जायबंदी झालेले आपले मुरलीकांत पेटकर १९७२ साली हायडेलबर्गला जलतरणात सुवर्णपदकाचे मानकरी ठरले. परंतु सैनिक पूर्वी खेळलेला असतो, त्याला गमावलेले परत मिळवायचे असते. जन्मतः अपंग असलेल्या बालकाला मात्र खेळ म्हणजे काय, येथपासूनच प्रारंभ करावयाचा असतो, आणि अशा मुलांचे क्रीडाशिबिर हे उपचारकेंद्राची शाखा होता कामा नये, असे आम्हांस वाटते ते यासाठीच.

या दृष्टीने बोचिया हा खेळ पाहण्यासारखा आहे. पांढऱ्या चेंडूच्या निकटतम आपला चेंडू न्यावयाचा, एवढेच त्याचे सूत्र. पण सेरेब्रल पाल्सीमुळे ज्याच्या मुठीत चेंडू ठरत नाही, असा मुलगा डोक्याला बांधलेल्या दांडीने तो उतरत्या पन्हळीवरून सोडतो, आणि पन्हळ सरकविणाऱ्या मदतनिसाने (पुष्कळदा ती आईच असते) मैदानाकडे पाठ करूनच बसावे, वळून पाहिल्यास पंचांनी दंड करावा, असा नियम आहे. अंघोळीपासून औषधापर्यंत ज्याचा प्रत्येक निर्णय इतरांनी घेतला, त्याच्या खुणेबरहुकूम पन्हळ बोटभर डावीकडे सरकते, आणि नेम चुकला तर तो सर्वस्वी त्याचाच असतो! पुनर्वसनावरील कैक व्याख्यानांहून हा एक नियम आम्हांस अधिक शहाणपणाचा वाटतो.

आपल्याकडील कित्येक शिबिरांत मात्र मंडप, प्रमुख पाहुणे, सरसकट सर्वांना पदके आणि छायाचित्रे यांतच वेळ व पैसा खर्ची पडतो. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्याच्या कलम ३० मध्ये क्रीडेतील सहभागाची तरतूद स्पष्ट आहे. अंमलबजावणीची वाट पाहत बसण्याचे मात्र कारण नाही. मुख्याध्यापकांनी येत्या सुटीतील शिबिराची तजवीज करताना मंडपवाल्याला बयाणा देण्यापूर्वी सहा तांबडे, सहा निळे आणि एक पांढरा असा बोचियाच्या चेंडूंचा संच मागवावा, एवढीच विनंती.