कोडमधलं भातखाचर

26 जुलै 2005. सांताक्रूझ वेधशाळेने चोवीस तासांत 944 मिलिमीटर पाऊस मोजला. त्याच चोवीस तासांत कुलाब्यात पडला जेमतेम 73. एकाच शहरातली ही तफावत. हवामानबदलाचा शंभर वर्षांचा हिशेब मांडणारी मॉडेलं मात्र पृथ्वीचे फार मोठे चौकोन पाडतात. पुण्याच्या ‘आयआयटीएम’ या हवामान संशोधन संस्थेच्या मॉडेलमध्ये वातावरणाचा एक चौकोन सुमारे 200 किलोमीटरचा आहे. बोरिवली, मुलुंड आणि कुलाबा त्यात सहज मावतील, वर खंडाळ्याचा घाटही.

चौकोनाच्या पोटात ढग कसे चढतात, माती किती पाणी धरते, हे मोठ्या समीकरणांतून आपोआप निघत नाही. ते कुणीतरी गृहीत धरून लिहावं लागतं, बहुतेक वेळा फोर्ट्रान या संगणकीय भाषेत. गृहीतक परक्या जमिनीवरचं असेल, तर उत्तरही आपल्या जमिनीला लागू पडेलच असं नाही.

पुण्याच्या गटाने परकं मॉडेल उघडून बदलण्याचं काम हाती घेतलं. अमेरिकेचं ‘सीएफएस’ हे मॉडेल पुढच्या काही महिन्यांच्या अंदाजासाठी बांधलेलं. तेच शतकभर चालवलं की समुद्र वाजवीपेक्षा थंड दिसू लागे. पी. स्वप्ना, आर. कृष्णन आणि सहकाऱ्यांनी त्यातला महासागराचा भाग बदलला, सागरी जीव-रसायनांचं चक्र जोडलं. 2015मध्ये त्यांनी ही घडण प्रसिद्ध केली. पुढच्या आवृत्तीत पृथ्वीवर येणाऱ्या आणि तिथून परत जाणाऱ्या ऊर्जेचा ताळेबंद सुधारला. याच मॉडेलचे निष्कर्ष ‘सीएमआयपी-6’ या हवामान मॉडेलांची तुलना करणाऱ्या जागतिक उपक्रमात गेले, आणि त्या उपक्रमावर 2021चा आयपीसीसी अहवाल बऱ्याच अंशी उभा आहे.

दुसरी गोष्ट अंधेरी, मुलुंड आणि घाटकोपर यांच्या मधोमध, पवईत घडली. आयआयटी मुंबईच्या अंजना देवानंद, सुबिमल घोष आणि त्यांच्या सहकाऱ्यांचा प्रश्न सिंचनाचा होता. भाताच्या खाचरात पाणी तुंबवून ठेवतात, आणि उत्तर भारतात ते बरंचसं बोअरवेलमधून उपसलेलं असतं. मातीला लागेल तेवढंच पाणी देणारं काटकसरी सिंचन गृहीत धरलं, तर मॉडेलला हा शेतकरी दिसतच नाही. त्यांनी भाताची ही रीत आणि भूजलाचा उपसा आपल्या मॉडेलमध्ये आणला. 2019मध्ये छापून आलेला निष्कर्ष असा: उत्तरेतल्या जादा सिंचनाने सप्टेंबरचा पाऊस वायव्येकडे सरकतो आणि मध्य भारतातल्या टोकाच्या पावसाला जोर चढतो. म्हणजे पंपाचं बटण दाबणाऱ्या हाताचा ढगांशीही संबंध आहे.

पण कोड बदलला म्हणून तो बरोबर ठरत नाही. पहिली कसोटी अगदी कोरडी: नवा भाग बंद ठेवला की जुनं उत्तर शेवटच्या अंकापर्यंत जसंच्या तसं यायला हवं. मग मॉडेल दोनदा चालवायचं, समुद्राचं तापमान आणि बाकी सगळं सारखं, फरक फक्त सिंचनाचा. वातावरण इतकं चंचल की दशांशातला शेवटचा अंक हलला तरी काही आठवड्यांनी रोजचं हवामान वेगळं होतं. म्हणून एका दिवसाचा पाऊस जुळवत बसायचं नसतं, अनेक वर्षांची सरासरी आणि टोकं तपासायची असतात. हे सगळं पार पडल्यावरच नवा कोड इतरांच्या हाती द्यायचा, तोही दुसऱ्या कुणाला मॉडेल तसंच चालवता येईल अशा नोंदींसह. लेखापरीक्षणाला तयार असलेल्या वहीसारखा.

मे 2025मध्ये ‘भारत फोरकास्ट सिस्टिम’ सुरू झाली. ती रोजच्या हवामानाची; तिचा चौकोन सहा किलोमीटरचा. अंधेरी आणि मुलुंड आता वेगळ्या चौकोनांत पडतात. पण चौकोन लहान झाल्याने गृहीतकं संपत नाहीत, उलट त्यांच्या चुका जास्त उघड्या पडतात. घाटकोपरच्या चौकोनात काँक्रीट, दाट वस्ती आणि बुजलेले नाले यांऐवजी मोकळी माती लिहिलेली असेल, तर मोठ्यात मोठा महासंगणक चुकीचंच उत्तर अधिक बारकाईने देईल. नव्या यंत्रांवर कोट्यवधी रुपये खर्च होतात, ते व्हायलाही हवेत. त्याच हिशेबात कोड उघडून दुरुस्त करणाऱ्या, तपासणाऱ्या माणसांच्या कायमच्या जागाही धरायला हव्यात.