वृद्ध जनावराचा अखेरचा सांभाळ

बेंदराच्या दिवशी ज्या बैलाची शिंगे रंगवून आणि पाठीवर झूल घालून मिरवणूक काढली जाते, तोच बैल काही वर्षांनी जू ओढण्यास असमर्थ होतो. कोल्हापूर जिल्ह्यात अशा थकलेल्या जनावरांत पुरातून वाचलेल्या जनावरांचीही भर पडली आहे. ऑगस्ट २०१९ व जुलै २०२१ च्या महापुरांत पंचगंगा व कृष्णाकाठच्या गावकऱ्यांनी आपल्या मुलाबाळांबरोबर गोठ्यातील गुरेही पाण्याबाहेर काढली. त्यांपैकी जी हयात आहेत, त्यांतील अनेक आता उतारवयात आहेत. वाचविलेल्या जनावराविषयी घराला विशेष ममता असते. परंतु त्याचा अखेरचा काळ कसा सांभाळावा, याचा विचार पुष्कळदा उशिरा होतो.

शिरोळ तालुक्यातील नांदणी येथील मठाच्या महादेवी ऊर्फ माधुरी हत्तीणीच्या प्रसंगाने या प्रश्नाकडे साऱ्या जिल्ह्याचे लक्ष वेधले. ही हत्तीण १९९२ पासून मठात होती. जुलै २०२५ मध्ये न्यायालयाच्या आदेशानुसार तिला गुजरातमधील जामनगर येथील केंद्रात नेण्यात आले. त्या वेळी तिच्या पायांच्या, नखांच्या व सांध्यांच्या विकारांचा प्रश्न चर्चेत होता. निरोप देताना गावाला अश्रू आवरले नाहीत आणि निर्णयाविरुद्ध निदर्शनेही झाली. निर्णयाविषयी मतभेद असोत; एक गोष्ट मात्र प्रत्येक गोठ्याला लागू आहे. जनावरावरील माया आणि त्याच्या दुखण्याची वेळेवर दखल या दोन्हींची त्याला गरज असते. एकीने दुसरीची उणीव भरून निघत नाही.

वार्धक्याची लक्षणे

वृद्ध जनावराच्या दाढा झिजतात. ते वैरण नीट चावू शकत नाही व अर्धवट चावलेले बोळे गव्हाणीत पडू लागतात. पाठीचा कणा व माकडहाडे उठून दिसतात, उठताना वेळ लागतो, खूर वाढून चाल बिघडते. बैल सतत मान झटकत असेल, एक शिंग कलले असेल किंवा त्या बाजूच्या नाकपुडीतून रक्तमिश्रित स्राव येत असेल, तर शिंगाच्या कर्करोगाची शंका घेऊन ताबडतोब पशुवैद्यकास दाखवावे. केवळ ‘म्हातारपण आहे’ असे म्हणून अशा लक्षणांकडे दुर्लक्ष करू नये.

आहार व निवारा

अखंड कडबा घालण्याऐवजी तो बारीक कापून, पाणी शिंपडून मऊ करून द्यावा. पेंड व भरडा भिजवून थोडा थोडा, दिवसातून तीन-चार वेळा द्यावा. या जिल्ह्यात उसाचे वाढे मुबलक मिळतात. परंतु नुसत्या वाढ्यांवर जनावर ठेवू नये. वाढ्यांतील ऑक्झलेटमुळे शरीराला चुना कमी मिळतो व आधीच झिजलेली हाडे अधिक दुबळी होतात. वाढ्यांबरोबर कडबा, हिरवी वैरण व क्षारमिश्रण अवश्य द्यावे. पाणी तोंडाजवळ असावे. गोठ्यात फरशी असल्यास तीवर उसाच्या कोरड्या पाचटाचा जाड थर पसरावा आणि तो ओला होताच बदलावा. पूरप्रवण गावात पाणी वाढण्याची सूचना मिळताच वृद्ध जनावर सर्वांत आधी उंच जागी न्यावे. ऐन वेळी ते चालू शकत नाही.

जनावर बसल्यावर

अखेरच्या काळात अनेक जनावरे बसतात आणि उठू शकत नाहीत. एकाच कुशीवर फार वेळ राहिल्यास अंगाखालचे स्नायू निकामी होतात व व्रण पडतात. म्हणून दर दोन-तीन तासांनी, रात्रीही, कूस बदलावी. जनावर आडवे पडू न देता छातीवर बसते ठेवावे व दोन्ही बाजूंस पाचट भरलेली पोती टेकवावीत. आडवे राहिल्यास पोट फुगून दगावण्याचा संभव असतो. शेपूट किंवा शिंगे धरून ओढू नये.

वेदनाशामक औषध पशुवैद्यकाच्या सल्ल्यानेच द्यावे. डायक्लोफिनॅक दिलेल्या जनावराचे शव खाऊन गिधाडे मोठ्या प्रमाणावर मेली, म्हणून २००६ मध्ये जनावरांसाठी त्याच्या वापरावर बंदी आली. मेलॉक्सिकॅम हे त्या दृष्टीने सुरक्षित औषध आहे.

निर्णयाची वेळ

महाराष्ट्रात २०१५ पासून बैलांच्याही कत्तलीस बंदी आहे. त्यामुळे थकलेला बैल मालकाच्या दावणीला राहतो किंवा पांजरपोळात जातो. पाळलेल्या जनावरास उपासमार होईल अशा स्थितीत वाऱ्यावर सोडणे आणि वयामुळे अपात्र ठरलेल्या जनावरास कामाला जुंपणे, हे दोन्ही १९६० च्या प्राणिक्लेश प्रतिबंधक कायद्यान्वये गुन्हे आहेत.

जनावर कित्येक दिवस उठत नसेल, खाणे-पिणे सोडले असेल व व्रण वाढत असतील, तर मालकाने पशुवैद्यकास स्पष्ट विचारावे: रोग बरा होण्याजोगा आहे काय? वेदना कमी करता येतील काय? नसल्यास कायद्यानुसार कोणता मार्ग आहे? हा निर्णय शेजाऱ्याच्या सल्ल्याने किंवा घरगुती उपायांनी घेऊ नये. ग्रामसेवकाने अशा घरी पशुवैद्यकाची भेट घडवून आणावी आणि केवळ लोकलाजेस्तव जनावराचे हाल लांबवू नयेत, हे हळुवारपणे समजवावे.

मृत्यूनंतर

शव नदीत, ओढ्यात किंवा उघड्यावर टाकू नये. विहिरीपासून दूर, पुराच्या पाण्याच्या वर असलेल्या जागी सुमारे सहा फूट खोल खड्डा करून, शवावर चुना पसरून पुरावे. जनावर अकस्मात दगावले व नाका-तोंडातून न गोठणारे काळसर रक्त आले, तर फाशी रोगाचा संशय धरावा; शवाची चिरफाड न करता दवाखान्यास कळवावे.

घरातील मुलांना त्या जागी एखादे झाड लावू द्यावे. ज्या जनावराने शेताला आयुष्य दिले, त्याच्या अखेरच्या दिवसांत स्वच्छ अंथरूण, तोंडाशी पाणी आणि वेदनेपासून आराम मिळाला, तर निरोपाचे दुःख राहते, परंतु मागाहून पश्चात्ताप राहत नाही.