व्हिक्टोरियाहून तासाभरावर

शनिवारी सकाळी लंडनच्या व्हिक्टोरिया स्टेशनवर पाठीला सॅक अडकवलेल्या मुलामुलींचे घोळके उभे असतात. त्यांतल्या एखाद्या घोळक्यातून मराठी हमखास कानावर येतं. "रेलकार्ड आणलंयस ना?" "अरे, आपण चौघं आहोत, ग्रुपचं तिकीट काढ." तिघे किंवा जास्त जण एकत्र निघाले, तर तिकिटात एक तृतीयांश सूट मिळते. सोळा ते पंचवीस वयोगटाच्या रेलकार्डावरही तेवढीच मिळते. दोन्ही सवलती एकदम लागू होत नाहीत, म्हणून हिशेब आधीच करून ठेवलेला बरा. गाडी ब्रायटनची. तासाभरात समुद्र.

या एका दिवसाची किंमत विद्यार्थ्यालाच कळते. ब्रिटनमध्ये पदवी किंवा पदव्युत्तर शिक्षणासाठी गेलेल्या परदेशी विद्यार्थ्याला सत्र चालू असताना आठवड्याला 20 तासच नोकरी करता येते. ते तास बहुतेक वेळा शनिवार-रविवारच्या पाळ्यांत जातात. उरलेल्या वेळात असाइनमेंट, कपडे धुणं आणि आठवड्याचा स्वयंपाक. शिफ्ट नसलेला शनिवार आणि वर ऊन, असा योग आला की कोणी घरात बसत नाही. डब्यात पराठे आणि चटणी जाते, कारण किनाऱ्यावर बसायला पैसे पडत नाहीत, पण खायला पडतात.

ब्रायटन स्टेशनातून बाहेर पडलं की सरळ उतार समुद्राकडे नेतो. दहा-पंधरा मिनिटांत पाणी दिसतं आणि कोकणची सवय असलेला पाय थबकतो. वाळू नाहीच! मैलच्या मैल नुसते गोटे, तपकिरी, राखाडी, मधूनच निळसर झाक असलेले. कोणीतरी लगेच व्हिडिओ कॉल लावतं. "अगं आई, बघ, इथे चालताच येत नाही!" हे बहुतेक चकमकीचे गोटे. दक्षिण इंग्लंडचे पांढरे कडे खडूच्या दगडाचे आहेत. त्या खडूत चकमकीचे थर असतात. खडू झिजून जातो, चकमक मागे उरते आणि लाटा तिला हजारो वर्षं घोळवत राहतात. लाट मागे सरताना गोटे एकमेकांवर घरंगळतात, त्याचा खळखळाट लांबवर ऐकू येतो. दिवेआगर किंवा मुरूडला हा आवाज कधी कानावर पडत नाही. आठवण म्हणून गोटा खिशात घालायचा मोह होतो, पण त्याला कायद्याने मनाई आहे.

समोर 1899 सालचा पॅलेस पिअर, रोषणाईचा आणि आकाशपाळण्यांचा. पश्चिमेला 1866 च्या वेस्ट पिअरचा काळा सांगाडा पाण्यात उभा आहे. तो धक्का 1975 ला बंद पडला आणि 2003 मध्ये आगीत जळाला. थंडीत, साधारण नोव्हेंबर ते फेब्रुवारी, सूर्य मावळायच्या सुमारास या दोन धक्क्यांवर स्टार्लिंग पक्ष्यांचे थवे उतरतात. आपल्याकडच्या भोरड्यांचेच हे भाऊबंद. हजारो पक्षी एकच अंग असल्यासारखे आभाळात वळतात, दाटतात, विरतात आणि अंधार पडता पडता धक्क्याखाली गडप होतात. हुडहुडी भरवणारी थंडी सोसावी, असं ते दृश्य आहे.

याच किनाऱ्यावर 1909 मध्ये लंडनात कायदा शिकणारा एक मराठी विद्यार्थी बसला होता. वय सव्वीस. ग्रेज इनची परीक्षा झालेली, पण राजकीय कारवायांमुळे बॅरिस्टरची सनद अडवलेली. थोरले बंधू बाबाराव यांना जन्मठेप झालेली आणि ऑगस्टमध्ये मित्र मदनलाल धिंग्रा फासावर गेलेला. विनायक दामोदर सावरकरांची 'सागरास' ही कविता इथली. सोबत बिपिनचंद्र पालांचे चिरंजीव निरंजन पाल होते. त्यांनी या प्रसंगाची आठवण पुढे लिहून ठेवली. हेच निरंजन पाल नंतर 'बॉम्बे टॉकीज'साठी 'अछूत कन्या' लिहिणारे. हृदयनाथ मंगेशकरांच्या चालीमुळे ती कविता महाराष्ट्रातल्या घराघरांत पोचली, पण ती ब्रायटनच्या गोट्यांवर सुचली, हे तिथे पाय सोडून बसलेल्या अनेक मुलांना ठाऊक नसतं. 13 मार्च 1910 रोजी सावरकर पॅरिसहून परतले आणि त्यांना अटक झाली ती व्हिक्टोरिया स्टेशनवर. आजची मुलं गाडी पकडतात, तेच हे स्टेशन.

ब्रायटनशी आपलं नातं त्याच्याही शंभर वर्षं आधीचं आहे. पाटण्यात 1759 साली जन्मलेले साके दीन मोहम्मद 1814 मध्ये इथे आले आणि समुद्रालगत त्यांनी वाफेच्या स्नानाचं, चंपीचं दुकान थाटलं. 'शॅम्पू' हा इंग्रजी शब्द 'चांपो'वरून आला. त्याचा धंद्यात बोलबाला केला तो याच माणसाने. चौथा जॉर्ज आणि चौथा विल्यम या दोन्ही राजांनी त्यांना आपले 'शॅम्पूइंग सर्जन' नेमलं. 1851 साली ते वारले. त्यांची कबर स्टेशनपासून जवळच, सेंट निकोलस चर्चच्या आवारात आहे.

समुद्रापासून पाच मिनिटांवर घुमटांचा आणि मिनारांचा रॉयल पॅव्हिलियन उभा आहे. जॉन नॅशने 1815 पासून पुढे त्याला हे भारतीय रूप दिलं. डिसेंबर 1914 पासून 1916 च्या सुरुवातीपर्यंत हा राजवाडा फ्रान्सच्या आघाडीवर जखमी झालेल्या हिंदी शिपायांचं इस्पितळ होता. झुंबरांखाली खाटा लागल्या. धर्म-जातीचे नियम सांभाळायला नऊ वेगवेगळी स्वयंपाकघरं होती आणि पाण्याचे नळही हिंदूंना व मुसलमानांना निराळे. पाट्या उर्दू, हिंदी आणि गुरुमुखीत. इथल्या हिरवळीवर ऑगस्ट 1915 मध्ये पाचव्या जॉर्जने जमादार मीर दस्त यांना व्हिक्टोरिया क्रॉस दिला.

जे वाचले नाहीत, त्यांतल्या हिंदू आणि शीख शिपायांचे अंत्यसंस्कार शहराबाहेर, पॅचम गावामागच्या टेकडीवर झाले. असे 53 जण. चिता जिथे रचल्या, तिथेच संगमरवरी छत्री बांधली. तिचा आराखडा मुंबईच्या ई. सी. हेन्रिक्स यांचा. 1 फेब्रुवारी 1921 रोजी प्रिन्स ऑफ वेल्सने तिचं अनावरण केलं. त्या त्रेपन्न जणांची नावं मात्र शेजारच्या शिळेवर 2010 साली कोरली गेली. जवळजवळ शंभर वर्षं उशिरा. ही गोष्ट मनाला लागते.

पाण्यात उतरणाऱ्यांना एक गोष्ट कळकळीने सांगायला हवी. ऐन ऑगस्टमध्येही इथलं पाणी अठरा अंशांच्या आसपास असतं. इतक्या गार पाण्यात एकदम उडी घेतली की श्वास अडकतो, पोहता येणाराही गटांगळ्या खातो. गोट्यांचा उतारही दोन पावलांत खोल नेतो. लाल-पिवळ्या झेंड्यांच्या मधेच उतरावं. अडचणीत सापडल्यास हातपाय न मारता पाठीवर तरंगत राहावं, दम सावरला की मग हाक द्यावी. 1824 पासून समुद्रात बचावकार्य करणारी 'आरएनएलआय' ही संस्था हेच शिकवते. किनाऱ्यावरच्यांनी 999 फिरवून कोस्टगार्ड मागावा. याच परगण्यातल्या कॅम्बर सँड्सला ऑगस्ट 2016 मध्ये लंडनहून सहलीला आलेले पाच तरुण एकाच दिवशी बुडाले. तिथे तर मऊ, सपाट वाळू आहे.

समुद्राचं दर्शन झालं, चिप्स सीगलपासून वाचवून खाल्ल्या, फोटो काढून झाले, की बहुतेक जण संध्याकाळची गाडी धरतात. त्याआधी छत्रीसाठी तीन तास काढावेत. पॅचमपर्यंत बस जाते. पुढे मोटारीचा रस्ता नाही, मेंढ्यांच्या कुरणांतून चढत जाणारी पायवाट आहे. पाऊस झाला असेल तर चिखल असतो, म्हणून बूट घालावेत आणि पाण्याची बाटली घ्यावी. वर दुकान नाही. छत्रीपाशी पोचलं की खाली सगळं ब्रायटन आणि त्यामागे समुद्राची करडी रेघ दिसते. दरवर्षी जूनमध्ये तिथे शिपायांचं स्मरण करायला लोक जमतात. लंडनात शिकणाऱ्या मराठी मुलामुलींनी एखादा शनिवार त्यासाठी राखून ठेवावा.