थोड्या जागा, ठाम धोरण

डेन्मार्कच्या संसदेत 179 जागा आहेत. 2022च्या निवडणुकीत रॅडिकाले व्हेन्स्त्रे या सामाजिक-उदारमतवादी पक्षाला त्यांपैकी 7 मिळाल्या. 2019 मध्ये 16 होत्या. आकडा पाहून कोणी या पक्षाला किरकोळीत काढील. पण आजच्या डेन्मार्कची घडण समजून घ्यायची, तर या पक्षाने शतकभर कोणत्या मागण्या लावून धरल्या, हे पाहावेच लागते.

1905 साली ओडेन्से येथे पक्ष स्थापन झाला. लष्करी खर्चावरून संस्थापकांचे व्हेन्स्त्रे या मूळ पक्षाशी फाटले होते. अल्पभूधारक शेतकरी आणि कोपनहेगनमधले सुशिक्षित मध्यमवर्गीय असा दुहेरी पाठिंबा त्यांना मिळाला. शस्त्रकपात, मताधिकाराचा विस्तार आणि भूमिहीनांना जमीन या त्यांच्या ठळक मागण्या. पक्षाचे कार्ल थिओडोर झाहले पंतप्रधान असताना, 1915च्या राज्यघटनेने स्त्रियांना आणि घरगड्यांना संसदेसाठी मताधिकार दिला.

1919चे जमीन कायदे तर मुळातून पाहण्याजोगे आहेत. सरदार घराण्यांच्या अविभाज्य जहागिऱ्या खुल्या मालकीच्या करताना त्यांच्याकडून सरकारसाठी जमीन काढून घेण्यात आली. चर्चच्या इनामी जमिनीही वाटपात आल्या. जमीन मिळालेल्या शेतकऱ्याने तिची किंमत मोजायची नव्हती. जमिनीच्या चालू मूल्यावर दरसाल व्याज तेवढे सरकारजमा करायचे. मूल्य वाढले की व्याजही वाढणार. जमिनीचे मोल समाजामुळे वाढते, तेव्हा त्या वाढीवर समाजाचा हक्क आहे, हा अमेरिकी अर्थविचारवंत हेन्री जॉर्ज यांचा विचार डॅनिश अल्पभूधारकांत रुजलेला होता. तो इथे सरकारी आकारणीत उतरला.

जानेवारी 1933 मध्ये पंतप्रधान स्टाउनिंग यांच्या कान्सलरगाडे इथल्या घरी झालेल्या समझोत्यातही हा पक्ष सरकारमधला भागीदार होता. निर्यातदार शेतकऱ्यांसाठी क्रोनचे अवमूल्यन झाले, कामगारांवरची टाळेबंदी टळली आणि सामाजिक सुरक्षेच्या कायद्यांची वाट मोकळी झाली.

शस्त्रकपातीच्या भूमिकेला मात्र 9 एप्रिल 1940 रोजी, जर्मन फौजा देशात घुसल्या तेव्हा, जबर धक्का बसला. याच पक्षाने 2022च्या सार्वमतात युरोपीय संरक्षण सहकार्यात सामील होण्याच्या बाजूने प्रचार केला. परिस्थिती पाहून भूमिका बदलण्यात मला कमीपणा दिसत नाही.

निर्वासितांना माणुसकीने वागवा, शिक्षणावर आणि हवामानरक्षणावर खर्च करा, हा पक्षाचा आजचा आग्रह उजव्यांना रुचत नाही. 2011 मध्ये मुदतपूर्व निवृत्तीची सवलत आखडण्यास त्याने साथ दिली, ती कामगार संघटनांना खुपली. दोन्हीकडून रोष पत्करणाऱ्या पक्षाची मते घटतात. तरीही 2 टक्के मते मिळाली की डॅनिश पद्धतीत संसदेचे दार उघडते. म्हणून तिथल्या मतदाराला जिंकणाऱ्याच्या मागे धावावे लागत नाही. पटलेल्या धोरणाला तो निर्धास्तपणे मत देऊ शकतो. लोकशाहीत एवढी मोकळीक प्रत्येक मतदाराला मिळायलाच हवी.