द्राक्षावरची साय आणि पाश्चरची काचघरे

द्राक्षांचा हंगाम सुरू झाला की वर्गात एक प्रश्न हमखास येतो : द्राक्षावरची ही पांढुरकी पूड कसली? मुलांनी घरी ऐकलेले असते की हे फवारलेले औषध आहे. थोडे अधिक वाचणारी मुले सांगतात की हे यीस्ट, म्हणजे किण्व आहे आणि त्याच्यामुळेच द्राक्षाच्या रसाची वाइन होते. हे दुसरे उत्तर पुष्कळ शिक्षकही देतात. दोन्ही उत्तरे चूक आहेत. मात्र दुसऱ्या उत्तरामागे विज्ञानातला एक मोठा वाद दडलेला आहे आणि तो मुलांना सांगण्यासारखा आहे.

ती साय म्हणजे मेण. द्राक्षाची सालच ते तयार करते. ओलिअ‍ॅनोलिक आम्ल हा त्यातला मुख्य घटक. मेणाच्या सूक्ष्म पापुद्र्यांवरून प्रकाश विखुरतो, म्हणून फळ धुरकट दिसते. औषधाचे अंश द्राक्षावर असू शकतात, तेव्हा द्राक्षे धुऊनच खावीत हे खरेच. पण नुसत्या पाण्याने ही साय जात नाही. मेण पाण्यात विरघळत नाही, हे त्याचे साधे कारण.

या मेणाचे काम फळातले पाणी राखण्याचे. तासगावकडचे बेदाणा उत्पादक हे पुस्तकाविनाच जाणतात. द्राक्षे पोटॅशियम कार्बोनेट आणि एथिल ओलिएटच्या द्रावणात बुडवली की मेणाची घट्ट रचना विस्कटते, पाणी बाहेर पडायला वाट मिळते आणि बेदाणा लवकर वाळतो. वर्गात हे करून पाहणे सोपे आहे. सारख्या वजनाचे दोन गट घ्यावेत. एक गट धुण्याचा सोडा घातलेल्या गरम पाण्यात थोडा वेळ बुडवून काढावा, दुसरा तेवढाच वेळ साध्या गरम पाण्यात. मग रोज वजन करून आलेख काढावा. (ही द्राक्षे अर्थातच खायची नाहीत.)

मग यीस्ट कोठून येते? फ्रान्समधला खेड्यातला शेतकरी घरच्या वेलीची द्राक्षे पिंपात तुडवतो, वरून काही घालत नाही आणि एकदोन दिवसांत रस फसफसू लागतो. रस आपोआप आंबतो, की त्याला कोणी आंबवतो? १८७८ साली हा प्रश्न दोन घरच्या द्राक्षबागांमध्ये लढवला गेला.

पहिली बाग क्लोद बेर्नार या थोर शरीरक्रियाशास्त्रज्ञाची, बोजोले भागातल्या सां-ज्युलियां गावची. १८७७ च्या शरदात त्यांनी तेथे काही प्रयोग केले. फेब्रुवारी १८७८ मध्ये ते वारले. जुलैमध्ये बेर्तलो यांनी त्यांची टिपणे छापली. त्यांत लिहिले होते की अल्कोहोल फळाच्या रसात सजीव यीस्टवाचूनही तयार होते.

लुई पाश्चर यांना हा धक्काच होता. किण्वन हे सजीवांचे कार्य आहे, हे त्यांच्या वीस वर्षांच्या कामाचे सार होते आणि बेर्नार तर त्यांचे स्नेही. पण त्यांचीही आर्ब्वा गावाजवळ छोटी द्राक्षबाग होती. येथे एक गोष्ट ध्यानात घ्यावी. आपल्याकडे एप्रिलात खरड छाटणी व ऑक्टोबरात फळछाटणी होते आणि फेब्रुवारी-मार्चमध्ये द्राक्षे पिकतात. तिकडे हिवाळ्यात एकदाच छाटणी आणि द्राक्षे पिकतात शरदात. म्हणजे ऑगस्टच्या आरंभी घड अजून हिरवे होते आणि हिरव्या घडांवर यीस्ट नसते, हे पाश्चर यांनी आधीच पाहिले होते.

त्यांनी घाईने काचघरे करवून घेतली आणि ती काही वेलींवर बसवून चोहोबाजूंनी बंद केली. आतल्या काही घडांना शिवाय कापूस गुंडाळला. ऑक्टोबरात द्राक्षे पिकल्यावर सर्वांचा रस काढून तो उबदार जागी ठेवला. उघड्या वेलींवरच्या द्राक्षांचा रस दोन दिवसांच्या आत फसफसला. काचघरातल्या घडांचा, मग ते कापसातले असोत वा नसोत, नाही. एवढ्यावर कोणी म्हणेल की काचेखाली द्राक्षेच बदलली असतील! म्हणून त्यांनी काचघरातले काही घड बाहेर नेऊन उघड्या वेलींवर टांगले. काही दिवसांनी त्यांचा रस इतरांसारखाच आंबला. नियंत्रित प्रयोग कशाला म्हणतात हे शिकवायला आम्हाला याहून चांगले उदाहरण सापडलेले नाही.

पाश्चर जिंकले, पण बेर्नार सर्वस्वी हरले नाहीत. १८९७ मध्ये एदुआर्द बुखनर यांनी यीस्ट वाळूबरोबर घोटून, पिळून त्याचा रस काढला. त्या रसात एकही जिवंत पेशी नव्हती, तरी साखर घालताच बुडबुडे आले. काम विकरांचे, विकरे यीस्टची! बुखनर यांना १९०७ चे नोबेल मिळाले.

साल फुटलेली नसेल तर वाइनचे खरे यीस्ट द्राक्षावर फार दुर्मिळ असते. १९९९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या पाहणीत ते हजारात सुमारे एका अखंड द्राक्षावर सापडले. फुटलेल्या द्राक्षांत मात्र जवळजवळ चारांत एकावर. २०१२ मध्ये इटलीतल्या संशोधकांनी दाखवले की गांधीलमाश्यांच्या आतड्यात हे यीस्ट हिवाळाभर टिकते आणि त्यांच्या अळ्यांपर्यंतही पोचते. फुटक्या द्राक्षाच्या गोडीला माशी येते आणि यीस्ट ठेवून जाते. पिंपातही आरंभी दुसरीच रानटी यीस्ट वाढतात. अल्कोहोल चार-पाच टक्क्यांच्या पुढे गेले की बहुतेक मरतात आणि मैदान खऱ्या वाइन यीस्टला मोकळे होते.

मुले विचारतील, आपण घरी वाइन करायची का? महाराष्ट्रात १९४९ च्या दारूबंदी कायद्यान्वये परवान्याशिवाय मद्य तयार करता येत नाही, हे त्यांना स्पष्ट सांगावे. शाळेत आपल्याला वाइन नको, वायू हवा आहे. तीन छोट्या बाटल्या घ्याव्यात : एकीत न धुतलेल्या द्राक्षांचा सालीसकट चोथा, दुसरीत तोच उकळून निववलेला, तिसरीत उकळून निववलेला आणि वर चिमूटभर बेकरीचे यीस्ट. तोंडाला फुगे बांधावेत. बूच लावू नये. १८० ग्रॅम ग्लुकोजपासून ९२ ग्रॅम अल्कोहोल आणि ८८ ग्रॅम कार्बन डायऑक्साइड मिळतो. हा वायू नेहमीच्या तपमानाला सुमारे ४९ लिटर जागा व्यापतो आणि लिटरभर गोड रसात जवळपास तेवढी साखर असते. बूच लावलेल्या बाटल्या का फुटतात ते यावरून कळेल.

फुग्यातला वायू नळीने चुन्याच्या निवळीत सोडावा, ती दुधाळ होईल. दोनतीन दिवसांनी सारे ओतून टाकावे. पहिल्या बाटलीचा फुगा कोणत्या दिवशी फुगला, ते प्रत्येक गटाने लिहून ठेवावे. हे दिवस सहसा जुळत नाहीत. फुटलेली द्राक्षे कोणाच्या बाटलीत किती होती, ते आधीच मोजून ठेवलेले बरे.