एका क्रियापदाचे ६४५ अर्थ

‘रन’ या तीन अक्षरी इंग्रजी क्रियापदाचे अर्थ उलगडायला ऑक्सफर्ड इंग्लिश डिक्शनरीचे संपादक पीटर गिलिव्हर यांना सुमारे नऊ महिने लागले. २०११ साली त्यांच्या कामाची बातमी झाली, तेव्हा अर्थांचा आकडा ६४५ वर गेला होता. त्याआधी ‘सेट’चा दबदबा होता. १९८९ च्या दुसऱ्या आवृत्तीत त्याचे ४३० अर्थ होते.

इतके अर्थ वेगळे काढतात तरी कसे? कोशकार ते मनाने ठरवत नाही, वापरातून शोधतो. या कोशाची कल्पना १८५७ मध्ये लंडनच्या फिलॉलॉजिकल सोसायटीत पुढे आली आणि १८७९ मध्ये जेम्स मरे संपादक झाले. त्यांनी सामान्य वाचकांना साद घातली: पुस्तकं वाचा, शब्द जिथे भेटेल तिथलं वाक्य उतरवून धाडा. चिठ्ठीवर वरच्या कोपऱ्यात शब्द, मग सन, लेखक, ग्रंथ, पान आणि खाली ते वाक्य. ऑक्सफर्डच्या घराच्या बागेत मरे यांनी पत्र्याची खोली उभारली होती. तिच्यातले खण या चिठ्ठ्यांनी भरले. चिठ्ठ्या सनावळीने लावायच्या, अर्थागणिक गठ्ठे करायचे. एखादी चिठ्ठी कुठल्याच गठ्ठ्यात बसेना, तशाच आणखी चार मिळाल्या, की तिथे नवा अर्थ उभा राहिला. १९२८ मध्ये पहिली आवृत्ती पुरी झाली तेव्हा तिच्यात १८ लाखांहून जास्त अवतरणं होती. मरे १९१५ मध्येच गेले.

‘रन’चा मूळ संसार साधा होता: माणूस पळतो, घोडा पळतो, पाणी वाहतं. वाहण्यावरून नाक आलं, धुण्यात जाणारा कपड्याचा रंग आला. पुढे वाफेचं यंत्र आलं आणि या शब्दाला सुगी आली. गिरणी, आगगाडी, खानावळ, वर्तमानपत्रातली बातमी, शेवटी संगणकावरचा प्रोग्राम, सगळं ‘रन’ होऊ लागलं. अमेरिकेत उमेदवार निवडणुकीसाठी ‘रन’ करतो, तर ब्रिटनमध्ये ‘स्टँड’, म्हणजे उभा राहतो. आपणही उभेच राहतो. ‘सेट’ हे ठेवण्या-बसवण्याचं क्रियापद. यंत्रयुगाला हलतं क्रियापद हवं होतं, म्हणून ते मागे पडलं, हे मला पटतं.

मराठीत ‘धावणे’ एवढा पसारा पेलत नाही. नाक वाहतं, रंग जातो, खानावळ चालते. पण आपल्याकडे ‘लागणे’ आहे! तहान लागते, ठेच लागते, निकाल लागतो, मुलगा नोकरीला लागतो, डोळा लागतो. गाडी फलाटाला लागते आणि घाटात एखाद्याला गाडी लागते. मोल्सवर्थच्या मराठी-इंग्रजी कोशाची दुसरी आवृत्ती १८५७ चीच. दाते-कर्वे यांच्या ‘महाराष्ट्र शब्दकोशा’चे सात खंड १९३२ ते १९३८ मध्ये निघाले आणि त्यांत जुन्या ग्रंथांतले दाखलेही आहेत. हे प्रचंड काम आहे. त्याच्या पुढचं काम आता व्हायला हवं: प्रत्येक अर्थाचा पहिला लेखी दाखला, सनासकट. निकाल पहिल्यांदा कधी ‘लागला’? आणि फोन ‘लागत नाही’, असं मराठीत पहिल्यांदा कुणी, कुठल्या साली लिहिलं?